खांडेपारकरांचा डावा हात

चहाचा ग्लास त्यांनी डाव्या हातानं उचलला, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

तसं बघायला गेलं तर त्यात काही नव्हतं. माणूस चहा कुठल्याही हातानं पितो. पण पूल या खेळातला राष्ट्रीय विजेता सुहास खांडेपारकर हा माणूस मी टीव्हीच्या पडद्यावर इतका पाहिला होता की शर्टाच्या कुठल्या खिशात ते चॉक ठेवतात, हेसुद्धा मला पाठ होतं. खेळायची काठी, म्हणजे क्यू, उजव्या हातात, टॉवेल उजव्या खांद्यावर, आणि समोरचा खेळत असताना पाण्याचा ग्लासही उजव्याच हातात. आणि आता तेच खांडेपारकर आमच्या क्लबातल्या बाकड्यावर बसून डाव्या हातानं चहा पीत होते. बशीत ओतला तोही डाव्या हातानं.

"खांद्याचं ऑपरेशन झालंय," मी बघतेय हे बघून ते म्हणाले. "उजवा हात जरा जपूनच वापरतो."

मी मान डोलावली. शंका मात्र गेली नाही.

ही गोष्ट कोल्हापुरातली, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाची. आबा शिंत्र्यांचा पूल क्लब टायरच्या दुकानाच्या वर होता. अरुंद लोखंडी जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली, तीन टेबलं आणि कोपऱ्यात एक टीव्ही. आमच्याकडे तेव्हा पूल खेळणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला समजत, आणि मुलगी तर कुणी खेळतच नव्हती. माझ्या वडिलांनी परवानगी दिली होती ती दिवेलागणीच्या आत घरी यायच्या अटीवर, आणि आबांच्या भरवशावर. आबा त्यांचे तालमीतले जुने मित्र. "माझ्या डोळ्यासमोर खेळंल पोरगी, काळजी करू नगंस," असं त्यांनी सांगितलं होतं आणि ते पाळलंही होतं.

शिकवणारं कुणी नव्हतं. आम्ही शिकलो ते सीडी बघून. आबांकडे जुन्या सामन्यांच्या सीड्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या खांडेपारकरांच्या. नाईन-बॉल या खेळात टेबलावर नऊ रंगीत बॉल असतात, पांढऱ्या बॉलनं सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला आधी मारायचं आणि शेवटी नऊ नंबर पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकात, घालायचा. सांगायला सोपं. खांडेपारकर खेळताना ते सोपंच वाटायचं. कधी उडी नाही, कधी जोर नाही. पांढरा बॉल त्यांनी मारला की पुढच्या बॉलसाठी जिथं हवा तिथं जाऊन गप्प उभा राहायचा, सांगून ठेवल्यासारखा. बाकीचे लोक परदेशातले भपकेबाज खेळाडू बघायचे. मी खांडेपारकरांवरून डोळे काढत नसे. मग अचानक त्यांनी खेळणं सोडलं. का, कुठं गेले, कुणालाच माहीत नव्हतं.

आणि एका दुपारी ते आमचा जिना चढून आले.

मी तेव्हा क्लबात नव्हते. आबांनी सांगितलं ते असं, की दारात एक उंच, गोरा, पिकल्या केसांचा माणूस येऊन उभा राहिला, खेळणाऱ्यांकडे बघत. आबांनी चेहरा ओळखला आणि "खांडेपारकर साहेब!" म्हणून थेट त्यांच्या पाया पडले. त्या माणसानं त्यांना उठवलं. काही बोलला नाही. थोडा वेळ बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी मी होते, आणि आबांनी मला त्यांच्यापुढं उभं केलं.

"ही संयोगिता. पुण्याला राज्याच्या निवडीसाठी जाणाराय. हिला जरा बघा की साहेब."

ते बघू लागले. रोज दुपारी यायचे, बाकड्यावर बसायचे, मी खेळायचे. फी विचारली तर हात जोडायचे. चहा तेवढा घ्यायचे, डाव्या हातानं.

माणूस वाईट नव्हता, हे मला पहिल्यापासून जाणवत होतं. आवाज मऊ, बोलण्यात सावंतवाडीकडचा हेल. कधी अंगाला हात लावून शिकवणं नाही, कधी वेडंवाकडं बोलणं नाही. पण ते क्यूला हात लावत नव्हते. एकदाही नाही. आणि काही अडलं की एकच उत्तर द्यायचे.

"सर, हा दोन नंबर लांबच्या कडेच्या कुशनला चिकटलाय. तो घातला तर पांढरा तिकडंच अडकतो. मी मागं ओढते, पण तीन नंबरपर्यंत येत नाही."

ते उठायचे, टेबलाभोवती फिरायचे. खिशातला मोबाईल काढून टेबलाचा फोटो घ्यायचे. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं.

"उद्या सांगतो," म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊन यायचे आणि ते उत्तर असं असायचं की अंगावर काटा यावा. "मागं ओढू नकोस. पुढं जाऊ दे. तीन कुशन लागून तो आपोआप तिथंच येतो. तू त्याला अडवतेस म्हणून अडकतो." मी मारून बघायचे. पांढरा बॉल टेबलाला वळसा घालून यायचा आणि तीन नंबरसमोर येऊन थांबायचा, सीडीतल्यासारखा.

पण उद्या का? ज्या माणसानं जन्मभर हेच केलं, त्याला टेबलापाशी उभं राहून हे का सुचत नव्हतं? रात्रीत असं काय व्हायचं?

मी इम्तियाजपाशी बोलले. खालचं टायरचं दुकान त्याचंच. आमच्या क्लबात सगळ्यात चांगला खेळायचा तो, आणि कुणाबद्दल उगीच वाईट बोलायचा नाही. त्यामुळं तो जे बोलला त्यानं मला जास्तच घोर लागला.

"मला वाटलं मलाच तसं वाटतंय," तो म्हणाला. "संयू, फोटो काढून ते कुणाला पाठवतात?"

"म्हणजे?"

"तू निवडीला चाललीस. पुण्यात तुझ्यासमोर कोण असणार? तिथल्या पोरींना मोठमोठे कोच आहेत. कोल्हापूरची एक पोरगी चांगली खेळतीय हे त्यांच्या कानावर गेलंय. तुझं काय चुकतं, कुठं घाबरतीस, हे रोजच्या रोज कुणी कळवलं तर?"

"खांडेपारकर असलं करतील?"

"खांडेपारकर नाही करणार," इम्तियाज म्हणाला, "हे खांडेपारकर असले तर."

त्यानं माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. त्या दिवसापासून मी त्या माणसाला शिष्येच्या नजरेनं बघायचं सोडून पोलिसाच्या नजरेनं बघायला लागले. शिकवताना क्यू टेकवायचा बोटांचा पूल हवेत करून दाखवायचे, तो उजव्या हाताचा. म्हणजे क्यू डाव्या हातात धरणाऱ्याचा. ऑपरेशन झालेल्या माणसाचे हात दुखतात, पण सवयी उलट्या होत नाहीत. फोन वाजला की जिन्यात जाऊन बोलायचे. "हो, हो, सांगतो. आलोच मी. घेतलेत फोटो." एवढं मला एकदा ऐकू आलं. कुठं राहता विचारलं तर "इथंच, जवळच," आणि विषय बदलायचे. एकदा आबा म्हणाले, "साहेब, गाडीवरनं सोडतो," तर इतके दचकले की हातातली पिशवी पडली.

मग मी एक डाव टाकला.

दुपारची वेळ होती, क्लबात आम्ही तिघंच. मी टीव्हीवर खांडेपारकरांची सीडी लावली. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. शेवटच्या डावात आठ नंबर सरळ पॉकेटसमोर आहे, तो घातला की नऊ उरतो आणि सामना संपतो. खांडेपारकर वाकतात, नेम धरतात. मग उठतात, आणि आठ नंबर घालायचा सोडून पांढरा बॉल नऊच्या मागं लपवून ठेवतात, समोरच्याला आठ दिसू नये म्हणून. समोरचा चुकतो, आणि मग ते जिंकतात. या एका शॉटवर आमच्या क्लबात किती भांडणं झाली असतील! कुणी त्याला भित्रेपणा म्हणायचं, कुणी हुशारी.

"सर," मी पडदा थांबवला, "इथं तुम्ही मारला का नाही? पॉकेट तर समोर होतं."

ते पडद्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं होतं. आपल्या घरातलं कुणी टीव्हीवर दिसावं तसं.

"पॉकेट दिसत होतं," ते म्हणाले. "पण त्याचा हात थरथरत होता. मागच्या रांगेतनं मला दिसलं ते."

इम्तियाजनं माझ्याकडे बघितलं.

"कुणाचा हात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इम्तियाजकडे. "माझा," ते म्हणाले. "माझा हात. आता जुनं सगळं लांबून बघितल्यासारखं वाटतं, म्हणून तसं बोललो."

पिशवी उचलून ते निघून गेले. चहाही घेतला नाही.

मी आबांना सांगायचं ठरवलं. पण त्याआधी आबांनीच मला सांगितलं. जिन्याखाली नवा कोरा फलक टेकून ठेवला होता. 'सुप्रसिद्ध राष्ट्रीय विजेते श्री. सुहास खांडेपारकर यांचा प्रदर्शनीय सामना. रविवार, सकाळी.' खाली एका मोटारींच्या शोरूमचं नाव. शोरूमचे मालक स्वतः येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि सामना चांगला झाला तर ते मालक पुण्याच्या स्पर्धेसाठी मला पुरस्कृत करणार होते.

"साहेबांना विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? चार शॉट मारतील, लोक टाळ्या वाजवतील." आबांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "पोरी, माझ्या क्लबात खांडेपारकर खेळणार! माझा बाप म्हणायचा, ह्या धंद्यात तोंड काळं करशील. असता आज तर दाखवलं असतं."

मग सांगायचं मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा आबांनी तो फलक त्यांना हौसेनं दाखवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"शिंत्रे, मला जमणार नाही हो. हा खांदा..."

"जास्त नको साहेब. दुखंपर्यंत नकोच. चारच शॉट."

"तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

"चुकलंच माझं," आबा कान पकडून हसले. "पण आता गावभर झालंय."

ते त्या दिवशी बसले, माझा खेळ बघितला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एका शॉटला मी अडले. त्यांनी सवयीनं फोटो घेतले आणि नेहमीपेक्षा लवकर उठले. जाताना दारात थांबून त्यांनी तिन्ही टेबलांकडे एकवार बघितलं. मला कळलं, हा माणूस परत येणार नाही. रविवारी आबा सगळ्या गावासमोर तोंडघशी पडणार, आणि हा माझा खेळ कुणाला तरी विकून मोकळा होणार.

मी स्कूटी काढली आणि त्यांच्या मागं निघाले.

ते चालतच होते, खाली मान घालून. एकदाही मागं बघितलं नाही. मोठा रस्ता ओलांडून ते एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याशेजारच्या बोळात शिरले आणि तळमजल्याच्या एका घरात गेले. दार नुसतं लोटलेलं राहिलं. मी गाडी लावून दारापर्यंत गेले. आतून आवाज येत होता. त्यांचाच, तोच मऊ आवाज.

"हे बघ, संयोगिता इथं अडली. सहा नंबर मधल्या पॉकेटच्या तोंडाशी आहे. आणि सात हा असा, आठच्या मागं. सहा घालते ती, पण जोरात मारते, आणि पांढरा पार दुसऱ्या टोकाला जातो. सोपा बॉल दिसला की घाई होते तिला. तिला अजून स्वतःवर विश्वास नाही. अडचणीत आली की ती हमखास..."

यापुढं मला ऐकवेना. मी दार ढकललं.

"कुणाला विकताय माझा खेळ?"

ते गर्रकन वळले. त्यांच्या हातात एक काचेची गोटी होती. समोर जेवणाचं टेबल होतं. त्यावर हिरवी चादर ताणून बसवलेली, कडेनं लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, आणि हिरव्या चादरीवर रंगीत गोट्या मांडलेल्या. माझा दुपारचा डाव, जसाच्या तसा. मोबाईल शेजारी उभा करून ठेवलेला, त्यात फोटो.

आणि टेबलाच्या पलीकडे, चाकांच्या खुर्चीत, सुहास खांडेपारकर बसले होते.

त्यांना ओळखायला मला क्षणही लागला नाही. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती, उजवा हात मांडीवर उशी घालून ठेवला होता, केस विरळ झाले होते. पण डोळे तेच होते. नेम धरताना कॅमेऱ्यात दिसायचे ते. त्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते, वरपासून खालपर्यंत.

"ती हीच," पहिला माणूस त्यांना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बस, बाळ."

मी बसले नाही. "तुम्ही कोण?"

"त्याचा थोरला भाऊ. दीड वर्षानं मोठा. लहानपणी लोकांना जुळे वाटायचो." त्यांनी गोटी टेबलावर ठेवली. "मागच्या वर्षी ह्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. सावंतवाडीला उपचार होईनात म्हणून इथं खोली घेतली. मी एकटाच, मला कुणी नाही. म्हणून मीच आलो ह्याच्याबरोबर. एक दिवस ह्याला दवाखान्यात सोडून पाय मोकळे करत होतो, तर तुमच्या जिन्यावरून बॉलचे आवाज आले. जन्मभर ऐकलेला आवाज. वर आलो. आणि शिंत्र्यांनी पायच धरले."

"सांगायचं ना, मी तो नाही म्हणून!"

"सांगणारच होतो. तोंड उघडलंच होतं." ते भावाकडे बघत होते. "पण त्यांचा तो आनंद बघून मोडवेना. म्हटलं, उद्या कुठं परत जायचंय आपल्याला. घरी आलो आणि गंमत म्हणून ह्याला सांगितलं. आजारपणानंतर हा कशालाच दाद देत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवण समोर आलं तर मान फिरवायचा. तर हे ऐकून हसला. खरंच हसला. आणि मग ह्या हातानं," त्यांनी स्वतःचा डावा हात हलवला, "विचारायला लागला, क्लबात कोण खेळत होतं, काय खेळत होतं. मला नीट सांगता येईना. तर चिडला. मग दुसऱ्या दिवशी मी परत आलो. बघायला."

"आणि फोटो काढायला."

"हो. मला उशीर झाला की दवाखान्यातला मुलगा फोन लावून द्यायचा, आणि हा तिकडून टकटक करायचा."

"म्हणजे ती उत्तरं..."

"त्याची. मी नुसता पोचवणारा. मी त्याच्यासमोर खेळून खेळून त्याचा सराव करून दिला एवढंच. तो उजवा, मी डावरा. मला त्याच्याइतकं कधीच आलं नाही."

टेबलावर टकटक झाली. सुहास खांडेपारकर डाव्या हाताच्या बोटानं लाकडी पट्टीवर ठोकत होते. आमचं बोलणं त्यांना पुरे झालं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग सहा नंबरच्या गोटीकडे.

"तू काय मारलंस, ते विचारतोय."

मी पुढं झाले. बोटानं पांढरी गोटी ढकलून दाखवलं. सहा असा, पांढरा असा फिरून तिकडं.

त्यांनी बघितलं. तोंड वाकडं झालं, गळ्यात काहीतरी घरघरलं, आणि मोठ्या कष्टानं एक शब्द बाहेर आला.

"चूक."

"तो म्हणतोय," थोरले भाऊ घाईनं म्हणाले, "प्रयत्न चांगला होता, फक्त जरासं..."

"ते चूक म्हणाले," मी म्हटलं.

थोरल्या भावाचा चेहरा पडला. "मी आणताना थोडं गोड करून आणायचो," ते म्हणाले. "तो फार कडक आहे गं. तू खेळणं सोडून दिलं असतंस."

मला हसू आलं. रागावूनच आत गेले होते, आणि आता उभ्या उभ्या हसू आवरेना. खुर्चीतल्या माणसाचे डोळेही बारीक झाले.

मग मला रविवार आठवला. फलक, शोरूमचे मालक, आबा. मी ते सगळं बोलून दाखवलं. थोरले भाऊ खाली बघत राहिले. "आज रात्रीच सामान आवरून जाणार होतो," ते म्हणाले. "दुसरा काही मार्ग दिसला नाही. शिंत्र्यांना मी काय तोंड दाखवू?"

परत टकटक झाली. ह्या वेळी खूप जोरात. सुहास खांडेपारकरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग दाराकडे नेलं.

"नको रे," भाऊ म्हणाले. "लोक असतील. कुणी काय म्हणेल. तूच खुणेनं सांगितलं होतंस ना, कुणाला दिसू द्यायचं नाही म्हणून?"

बोट दाराकडेच राहिलं.

रविवारी सकाळी मी आणि इम्तियाजनं त्यांना रिक्षातून आणलं. इम्तियाजला मी सगळं सांगितलं होतं. दुकानातल्या दोघा कामगारांना घेऊन त्यानं ती खुर्ची उचलली आणि त्या अरुंद जिन्यावरून जपून वर चढवली. थोरले भाऊ मागून येत होते. खोली माणसांनी भरली होती. आबा नवा फेटा बांधून दारात उभे होते. त्यांना आधी खुर्ची दिसली, मग मागचा चेहरा, मग पुन्हा खुर्ची.

थोरले भाऊ पुढं झाले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "सुहास खांडेपारकर हे आहेत," ते म्हणाले. "मी त्यांचा भाऊ. मी आजवर तुम्हाला खोटं बोललो. माफी मागतो."

कुजबुज उठली. मागून कुणीतरी "फसवलं की सरळ," असं म्हणालं. शोरूमचे मालक आबांच्या कानाशी लागले, घड्याळात बघितलं आणि उठले. त्यांच्यामागं वर्तमानपत्रवालाही गेला. आबा जागचे हलले नाहीत.

"मी तुमच्या पाया पडलो हो," ते थोरल्या भावाला म्हणाले. आवाज फुटला होता. "पाया पडलो मी."

आबा वळून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

काय करावं कुणालाच सुचेना. मग खुर्चीच्या हातावर टकटक झाली. सुहास खांडेपारकर टेबलाकडे बघत होते. ते हिरवं कापड, ते दिवे. किती दिवसांनी ते खरं टेबल बघत होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी बॉल लावले आणि ब्रेक करून फोडले. पहिले पाच गेले. सहा नंबरला टकटक झाली.

"चूक. परत."

बॉल होते तिथं ठेवून मी परत मारला. पुन्हा टकटक. "हळू." मी परत मारला. लोकांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला. एकच शॉट पुन्हा पुन्हा बघायला कोण थांबणार! एकेक करून माणसं जिना उतरू लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या खेपेला पांढरा बॉल सहा नंबरला जेमतेम शिवला आणि तिथंच उभा राहिला. सहा पॉकेटमध्ये टपकन पडला. सात समोर उघडा. मी वर बघितलं. सुहास खांडेपारकरांनी 'बरोबर' म्हटलं नाही. बोट पुढच्या बॉलकडे नेलं, बस्स. पुण्याला मी त्या वर्षी दुसरी आले, पुढच्या वर्षी पहिली. नंतरही बरंच खेळले. पण तुला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, की मला ती सकाळ आठवते.

खोलीत शेवटी आम्ही पाचजणच उरलो. थोरले भाऊ दाराशी उभे होते, बाहेर जायच्या तयारीत असल्यासारखे. आबा खिडकीपासून केव्हा वळले ते मला कळलं नाही. ते खेळ बघत होते. मग त्यांनी भिंतीवरची एक क्यू काढली, तिला चॉक लावला, आणि दाराकडे गेले.

"इम्तियाज म्हणतोय, तुम्हीबी खेळता," ते म्हणाले. अजून घुश्शातच होते. "डाव्या हातानं."

"थोडंसं."

"मग घ्या की. कंटाळली आसंल ती पोरगी एकटी." थोरल्या भावानं क्यू घेतली नाही. आबांनी फेटा काढून काखेत धरला, घसा खाकरला. "आणि आता हाक कशी मारायची तुम्हाला? नाव काय तुमचं?"

त्यांना प्रश्न कळला नसावा. ते सवयीनं भावाकडे वळून बघू लागले, जणू आबांनी त्यालाच विचारलं होतं. मग लक्षात आलं, पण स्वतःचं नाव चटकन तोंडात येईना.

खुर्चीतल्या माणसानं मान वर केली. जबडा हलला, गळ्याच्या शिरा ताणल्या. आम्ही वाट बघितली.

"दत्ता," सुहास खांडेपारकर म्हणाले. मग थांबून, दम घेऊन, पुरं म्हणाले. "दत्ताराम."